गर्जनेतला सूर : नातवंडांचे ‘हेवी मेटल’ ऐकायला शिकताना

घरात सोळा-अठरा वर्षांचे नातवंड असेल, तर बंद दाराआडून येणारा एक विशिष्ट आवाज आपल्या परिचयाचा असण्याची शक्यता आहे. ढोलांचा अखंड भडिमार, लाकडावर करवत चालावी तशी गिटार, आणि या सगळ्यावर कुणीतरी घसा फाडून ओरडत असल्याचा भास. या संगीतप्रकाराला ‘हेवी मेटल’ म्हणतात. दवाखान्यात रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी हाती पडली, की उठता उठता कितीतरी आजी-आजोबा याविषयी तीन प्रश्न विचारतात. हे ओरडणारे लोक घसा कसा टिकवतात? हे ऐकून आमच्या मुलांचे डोके बिघडणार नाही ना? आणि त्यांच्या कानांचे काय होणार?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि तिन्हींची उत्तरे या लेखात आहेत. पण सहसा कुणी न विचारलेला एक चौथा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो : हे आपल्यालाही ऐकता येईल का? त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. त्यासाठी आपली आवड सोडण्याची गरज नाही. थोडी माहिती, थोडा धीर आणि कानांची योग्य काळजी एवढे पुरते. उतारवयातला एकटेपणा मोठ्या घरातही येतो. त्याची सुरुवात बहुधा ‘त्यांचे जग वेगळे, आपले वेगळे’ या वाक्याने होते. म्हणून आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात हा विषय अस्थानी नाही.

कान नकार का देतात?

संगीत ऐकताना मेंदू सतत अंदाज बांधत असतो. पुढचा स्वर कोणता येईल, समेवर कधी येणार, याचे आडाखे खरे ठरले की सुख वाटते. किंचित चुकले की गंमत वाटते. सगळेच चुकले की तो गोंगाट ठरतो. ज्याने आयुष्यभर यमन आणि भूप ऐकला, त्याच्या मेंदूत त्या स्वरांच्या पाऊलवाटा पडलेल्या असतात. मेटलच्या पाऊलवाटा तेथे नसतात, इतकेच. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले होते की, एखादी अपरिचित गोष्ट वारंवार समोर आली, की केवळ परिचयानेही ती अधिक आवडू लागते. ख्यालगायन पहिल्यांदा ऐकणाऱ्या पाहुण्याला ‘हे काय चालले आहे’ असे वाटते, आणि चार बैठकींनंतर तोच मान डोलावू लागतो. तसाच हा प्रकार आहे.

दुसरे कारण शरीराचे आहे. वयानुसार अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी झिजतात. आधी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. त्याच वेळी एक उलटीच गोष्ट घडते. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि तोच थोडा वाढला की एकदम असह्य होतो. सून म्हणते, “बाबा, मोठ्याने बोलले तर ‘ओरडू नकोस’ म्हणता, हळू बोलले तर ‘ऐकू येत नाही’ म्हणता.” यात बाबांचा हट्ट नसतो; सहन होणाऱ्या आवाजाचा पट्टाच अरुंद झालेला असतो. शिवाय एकाच वेळी वाजणारे अनेक आवाज वेगळे करण्याची कानाची क्षमता कमी होते. मेटलमध्ये दोन गिटार, एक बास गिटार, ड्रम आणि कंठ हे सारे एकदम कोसळतात. तरुण कानाला त्यात पाच धागे दिसतात, झिजलेल्या कानाला एकच गुंता. ‘हा नुसता गोंगाट आहे’ असे आपल्याला तीव्रतेने वाटत असेल, तर एकदा कान तपासून घेण्यास हरकत नाही. कधी कधी साचलेला मळही हे करतो.

घशात नेमके काय घडते?

आता पहिला प्रश्न. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. उच्छ्वासाच्या हवेने ते कंप पावतात : बोलताना पुरुषांमध्ये सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रियांमध्ये सुमारे दोनशे वेळा. त्यांच्या किंचित वर मऊ त्वचेची आणखी एक जोडी असते. त्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात. बोलताना ती स्वस्थ असते. जड वस्तू उचलताना, खोकताना, घास गिळताना ती आवळली जाते आणि श्वासमार्गाचे रक्षण करते.

मेटलमधील खोल गुरगुर, ज्याला ‘ग्रोल’ म्हणतात, ती बहुतांशी या मिथ्या स्वरतंतूंना आणि त्यांच्या आसपासच्या मऊ भागांना कंप देऊन निर्माण होते. खालचे खरे स्वरतंतू त्या मानाने मोकळे राहतात. घशात दुर्बीण घालून अशा गायकांची तपासणी झालेली आहे आणि हे भाग थरथरताना प्रत्यक्ष पाहिले गेले आहेत. सैबेरियाच्या दक्षिणेला असलेल्या तुवा प्रदेशातील ‘कार्गिरा’ नावाच्या पारंपरिक कंठगायनातही हीच जोडी वापरली जाते. तेथे मिथ्या स्वरतंतू खऱ्यांच्या निम्म्या वेगाने कंप पावतात आणि ऐकणाऱ्याला मूळ स्वराच्या खालच्या सप्तकातला स्वर ऐकू येतो. म्हणजे शहरी तरुणांनी शोधलेली ही घशाची कसरत पशुपालक समाजांना पूर्वीपासून ठाऊक होती.

ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. तरबेज गायकाची गुरगुर प्रत्यक्षात फारशी मोठी नसते. समोर उभे राहून ऐकली तर ती अनेकदा साध्या बोलण्याच्या आसपास भरते. तिचे अक्राळविक्राळ रूप मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक घडवतात. श्वासपटलाचा आधार, सैल जबडा, तोंडाच्या पोकळीचा बदलता आकार आणि मोजून सोडलेली हवा, ही या गायनाची साधने आहेत. हे शिकवणारे गुरूही आहेत. न्यूयॉर्कच्या स्वरशिक्षिका मेलिसा क्रॉस यांनी घसा न दुखावता किंचाळावे कसे याचे धडे २००५ मध्ये चित्रफितीच्या रूपाने प्रसिद्ध केले.

मात्र ज्याला तालीम नाही, त्याने नक्कल करू नये. नातू आरशासमोर ओरडून घसा बसवून घेत असेल तर त्याला एवढाच नियम सांगा : दुखले की थांबायचे. पाणी भरपूर, विश्रांती पुरेशी, आणि कुजबुजणे टाळायचे, कारण जोर लावून कुजबुजल्याने स्वरतंतूंवर ताण येतो. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. कोणत्याही कारणाने आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू, मशेरी किंवा विडीची सवय असलेल्यांनी तर यात दिरंगाई करूच नये.

कारखाना, दोन बोटे आणि तीव्र मध्यम

या संगीताचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. १९६५ मध्ये टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा गिटारवादक होता. म्हणजे तारा दाबायचा त्याचा हात नेमका तोच. वाजवणे संपले असे त्याला वाटत असताना कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. भाजल्यामुळे राइनहार्टची दोन बोटे निकामी झाली होती, तरीही तो थोर वादक झाला. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि हलक्या तारा लावल्या. पुढे त्याने तारा सैल करून गिटार खालच्या पट्टीत लावली. बोटांना सोपे पडावे म्हणून केलेल्या या तडजोडींचा मेटलच्या जड, खोल आवाजात मोठा वाटा आहे. फिजिओथेरपीच्या कंटाळवाण्या दिवसांत धीर सुटू लागला तर ही गोष्ट आठवावी.

आयोमी आणि त्याच्या साथीदारांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी आली. तिच्या पहिल्याच गाण्यात गिटार तीन स्वर वाजवते : षड्ज, वरचा षड्ज आणि त्यानंतर तीव्र मध्यम. युरोपीय परंपरेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर अस्वस्थ करणारे मानले गेले; त्याला सैतानाशी जोडणारे नावही पडले. आपण तोच तीव्र मध्यम यमनात, पूरियात, मारव्यात संध्याकाळी शांतपणे ऐकत आलो आहोत. तंबोऱ्याचा षड्ज कानात मुरलेला मराठी श्रोता मेटलच्या दारात अगदी रिकाम्या हाताने जात नाही, तो असा.

या संचाचा गायक ऑझी ऑस्बॉर्न याने आपल्याला पार्किन्सन्सचा आजार असल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या मैदानावर त्याने सिंहासनासारख्या आसनावर बसून निरोपाचे गायन केले. उभे राहता येत नव्हते, पण गाणे थांबले नाही. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलै रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी त्याचे निधन झाले.

घराणी ओळखू या

सर्व ख्याल सारखा नसतो, तसे सर्व मेटलही सारखे नसते. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर, आग्रा यांची गायकी वेगळी. रसिकांचे वादही तितकेच कडाक्याचे. मेटलमध्ये अशी घराणी डझनावारी आहेत. त्यांतली सहा ओळखली तरी नातवंडाशी बोलायला पुरे आहेत.

*पारंपरिक हेवी मेटल.* सत्तरच्या दशकातील इंग्लंड. आवाज स्वच्छ, उंच आणि ताणलेला. ज्युडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड आणि आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन हे यातले मानदंड. तार सप्तकात आवाज फेकणाऱ्या शाहिराचा पोवाडा ज्याने मैदानात ऐकला आहे, त्याला हा आवाज परका वाटू नये. डिकिन्सनच्या जिभेच्या मागील भागात कर्करोग निघाला होता. केमोथेरपी आणि किरणोपचारानंतर मे २०१५ मध्ये तो रोगमुक्त जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जगभर गात फिरला.

*थ्रॅश.* ऐंशीच्या दशकातील अमेरिका. मेटालिका हे त्यातील सर्वांत गाजलेले नाव. लय अतिद्रुत, गायन तुटक आणि ठासून बोलल्यासारखे.

*डेथ मेटल.* याच दशकाच्या उत्तरार्धात विशेषतः फ्लोरिडात बहरलेले. वर वर्णन केलेली गुरगुर येथली. चक शुल्डिनर याच्या ‘डेथ’ या संचाची १९८७ची ध्वनिमुद्रिका या घराण्याच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानतात. हे केवळ पुरुषांचे गायन आहे असे समजू नये. स्वीडनच्या आर्च एनिमी या संचात २००१ पासून अँजेला गोसो या जर्मन गायिकेने अशी गुरगुर केली की, ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला स्त्रीचा आवाज असल्याचे ओळखता येईना.

*ब्लॅक मेटल.* नव्वदच्या दशकारंभीचे नॉर्वे. येथे गुरगुरीऐवजी थंड, उंच, चिरकी किंकाळी असते. तेथील काही तरुणांनी त्या काळात चर्च जाळली, खूनही झाले. हा डाग खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मात्र जगभर हे संगीत ऐकणाऱ्या सर्वांना त्या मोजक्यांच्या गुन्ह्यांनी मोजणे न्याय्य नाही.

*डूम.* विलंबित लयीचे घराणे. एकेक आघात सावकाश पडतो आणि त्याचा नाद विरेपर्यंत वाट पाहिली जाते. द्रुत लयीने ज्यांना धडधडते, त्यांना हे मानवते.

*सिंफनिक आणि लोकसंगीतमिश्रित मेटल.* फिनलंडच्या नाइटविशमध्ये तार्या तुरुनेन ही शास्त्रीय गायनाचे शिक्षण घेतलेली गायिका ऑपेराच्या ढंगाने गात असे. दिल्लीचा ब्लडीवुड हा संच ढोल आणि बासरी घेऊन उभा राहतो. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने तर २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. मत्स्य, कूर्म, वराह अशी एकेका अवताराच्या नावाची तिच्यात गीते आहेत. नृसिंहाची गर्जना कशी असेल, याची कल्पना आपण कीर्तनात कितीदा केली असेल. नातवाने ती गिटारवर ऐकवली तर निदान विषय तरी आपला आहे.

मुले बिघडतात का?

दुसरा प्रश्न काळजीतून येतो, म्हणून त्याला आकड्यांचे उत्तर देणे बरे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात १८ ते ३४ वर्षे वयाच्या, असे संगीत नेहमी ऐकणाऱ्या ३९ जणांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना संताप आणणाऱ्या प्रसंगांविषयी बोलते करून राग आणला गेला. मग निम्म्यांना त्यांच्या आवडीचे कर्कश संगीत दहा मिनिटे ऐकवले आणि उरलेल्यांना शांत बसवले. दोन्ही गटांतील चिडचिड सारखीच उतरली. संगीताने राग वाढवला नाही. उलट ऐकणाऱ्यांना उभारी वाटली. प्रयोग लहान आहे आणि तो या संगीताच्या चाहत्यांवर झालेला आहे. ज्याला ते आवडत नाही त्याच्यावर बळजबरीने लादले तर असाच परिणाम होईल, असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही ‘ऐकले म्हणून डोके फिरले’ या समजुतीला त्यात आधार मिळत नाही.

लक्ष संगीताकडे न देता मुलाकडे द्यावे. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, मित्र तुटणे, अभ्यासातून आणि खेळातून एकदम मन उडणे, जगण्यात अर्थ नसल्याची भाषा, हातावर जखमांच्या खुणा : यांपैकी काही दिसले तर तो कोणते गाणे ऐकतो हा प्रश्न गौण आहे. शांतपणे विचारावे आणि डॉक्टरांना गाठावे. ‘टेलि-मानस’ ही शासकीय मानसिक आरोग्य साहाय्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

आणि ते तर्जनी-करंगळी उभारलेले शिंगांचे चिन्ह? ते प्रसिद्ध करणारा गायक रॉनी जेम्स डिओ सांगत असे की, ते त्याने आपल्या इटालियन आजीकडून घेतले. दृष्ट लागू नये म्हणून ती बोटे तशी धरत असे. आपल्याकडे मीठ-मोहरी ओवाळतात, तसेच ते. सैतानाची खूण म्हणून आपण ज्याला बिचकतो, ती मुळात एका आजीची माया आहे.

ऐकण्याचा क्रम

• बैठक पंधरा मिनिटांची ठेवावी, आठवड्यातून दोनदा. थकवा येण्यापूर्वी थांबावे.

• आवाज कमी ठेवावा. हळू वाजवले तर मेटल ऐकल्यासारखे होत नाही, असे नातू म्हणेल. पहिला महिना आपल्या अटीवर.

• सुरुवात स्वच्छ आवाजाने करावी : आधी सिंफनिक, मग पारंपरिक, मग डूम. गुरगुर शेवटी.

• एकाच गाण्याला तीन वेळा ऐकावे. पहिल्यांदा फक्त ड्रम, दुसऱ्यांदा फक्त गिटार, तिसऱ्यांदा कंठ. तबलजीकडे लक्ष ठेवून ठेका धरतो, तसे. या सरावाने गुंत्यातले धागे सुटे होऊ लागतात.

• शब्द कळत नसतील तर ते छापील पाहून घ्यावेत. गुरगुरीत ते नातवालाही पहिल्यांदा कळलेले नसतात. विषय मात्र अनेकदा युद्ध, मृत्यू, आजारपण, अन्याय असे असतात. आपल्या पिढीने ते जवळून पाहिले आहेत आणि त्यावर बोलण्याचा आपला अधिकार मोठा आहे.

• चार-पाच बैठकींनंतरही एखादे घराणे रुचले नाही, तर तसे मोकळेपणाने सांगावे. ऐकून दिलेला नकार मुले मानतात. न ऐकता दिलेला मानत नाहीत.

पंच्याहत्तरी ओलांडलेले माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, नातीसोबत असे दोन महिने बसले. गुरगुर त्यांना अजूनही रुचत नाही. पण डूम त्यांना आवडते. ‘यात विलंबित आहे’ असे ते म्हणतात. बदल्यात नात त्यांच्यासोबत रविवारी सकाळी एक राग ऐकते. गुडघ्यांच्या दुखण्यात काही फरक पडलेला नाही, पण औषधे वेळेवर घेतली जाऊ लागली आहेत, कारण आठवण करून देणारी आता रोज शेजारी येऊन बसते.

कान, मान आणि श्रवणयंत्र

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : धोका संगीताच्या प्रकारात नसतो, आवाजाच्या पातळीत आणि वेळेत असतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०. भजनाचा कर्णा, लग्नातला डीजे आणि हेडफोनमधले मेटल, कानाला तिन्ही सारखेच. कार्यक्रमाला जाणाऱ्या मुलाला कानात घालायची बोळकी घेऊन द्यावीत. ऐकल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे ही धोक्याची सूचना आहे. ती एक-दोन दिवसांत थांबली नाही, तर तपासणी हवी. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर त्याच दिवशी.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना मेटल फाटके ऐकू येते, कारण यंत्र बोलण्यासाठी जुळवलेले असते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी असते. ती तंत्रज्ञांकडून करून घ्यावी. कमी ऐकू येणे अंगावर काढू नये. ऐकू येणे कमी होणे हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक आहे, असे ‘द लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने वारंवार नोंदवले आहे.

मान डोलवा, पण झटके देऊ नका. मेटलचे चाहते लयीवर डोके जोरजोराने वरखाली झटकतात. २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने याचे गणित मांडले होते : अशा गाण्यांची सरासरी लय मिनिटाला सुमारे १४६ ठोके असते, आणि मान ७५ अंशांपेक्षा जास्त हलली तर डोक्याला सौम्य इजा संभवते. जर्मनीतील हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये एका ५० वर्षीय चाहत्याची नोंद केली. मोटरहेडच्या कार्यक्रमानंतर दोन आठवडे त्याचे डोके दुखत होते. कवटीखाली रक्त साचलेले निघाले. शस्त्रक्रियेने तो बरा झाला. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, मानेच्या मणक्यांचा त्रास किंवा चक्कर असणाऱ्यांनी हा मोह टाळावा. पावलाने ताल धरावा. खुर्चीवर बसून टाच-चवडा आळीपाळीने उचलला तर पोटरीचा व्यायामही होतो.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासमोर अनोळखी कर्कश संगीत अचानक लावू नये; गोंधळ आणि अस्वस्थता वाढू शकते. मात्र ‘वृद्ध म्हणजे भजन’ असेही गृहीत धरू नये. मुंबईच्या रंगभवनात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ला गर्दी करणारे तरुण आज साठीत पोचले आहेत. आपल्या रुग्णाने विशीत काय ऐकले, हे भावंडांना आणि मित्रांना विचारून तेच हळू आवाजात लावावे आणि चेहऱ्याकडे पाहत राहावे.

वय आड येते असे वाटत असेल, तर दोन नावे ध्यानात ठेवावीत. इंग्लिश अभिनेते क्रिस्टोफर ली यांनी २०१० मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, शार्लमेन या सम्राटावर सिंफनिक मेटलची ध्वनिमुद्रिका काढली आणि ९१व्या वर्षी दुसरी. व्हिएन्नात १९२२ मध्ये जन्मलेल्या, नाझींच्या तावडीतून निसटून स्वित्झर्लंडला पोचलेल्या इंगे गिन्सबर्ग यांनी नव्वदी ओलांडल्यावर मेटल संचासमोर उभे राहून आपल्या कविता म्हटल्या. त्यांना गायचे नव्हते, ऐकवायचे होते. आणि उत्तर जर्मनीतील वाकेन या सुमारे दोन हजार वस्तीच्या खेड्यात १९९० पासून मेटलचा मोठा महोत्सव भरतो. जगभरातून आलेल्या काळ्या कपड्यांतील पाहुण्यांसमोर गावच्या अग्निशमन दलाचा वाद्यवृंदही आपली गाणी वाजवतो. त्या गावाने कान झाकले नाहीत आणि आपले सूरही सोडले नाहीत.

आपल्याही घरी एवढे करता येईल. या आठवड्यात नातवंडाला एकच प्रश्न विचारा : “यातले तुझे सर्वांत आवडते गाणे कोणते, आणि का?” पहिले उत्तर बहुधा तुटक येईल. घाई करू नका. खुर्ची जवळ ओढून घ्या, चष्मा पुसा, आवाज थोडा कमी करायला सांगा आणि ऐका.